खिशातला घडीचा चाकू कसा निवडावा

आजोबांच्या चंचीत पानं, चुन्याची डबी, कात, सुपारी आणि एक छोटा अडकित्ता असायचा. अडकित्त्यालाही धार असते, पण गावात कुणी त्याच्याकडे हत्यार म्हणून पाहिलं नाही. सुपारी कातरायची असते म्हणून अडकित्ता असतो. घडीचा चाकू घेतानाही एवढाच हिशेब पुरतो, हे मला पंचविशीत कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

माझा पहिला चाकू मी फोटो बघून मागवला. काळं कुळकुळीत पातं, मुठीला बोटांच्या खाचा, अंगठ्यानं फट्कन उघडणारा. हातात घेतला की आपण कुठल्यातरी मोहिमेवर निघालोय असं वाटायचं. तो घेऊन राजगडावर गेलो. पद्मावती माचीवर बसलो, पिशवीतून सफरचंद काढलं आणि ऐटीत चाकू चालवला. सफरचंद कापलं गेलं नाही, फुटलं. पातं अर्ध्यावर गेलं आणि कट् आवाज होऊन एक फोड उडाली ती थेट धुळीत. आमच्यातल्या एका काकांनी काही न बोलता खिशातून लाल मुठीचा, बोटाएवढा जुना चाकू काढला आणि चार काकड्यांच्या चकत्या करून मीठ लावून सगळ्यांना वाटल्या. माझ्या चाकूचं पातं पाठीकडे चार मिलिमीटर जाड होतं, त्यांचं जेमतेम दोन. धार माझ्याच चाकूला जास्त होती. जाड पातं धारेच्या जोरावर आत शिरतं, पण पुढे पाचरीसारखं वागतं. लाकूड फोडायला पाचर बरी, फळाला नाही.

तेव्हा चाकू निवडताना लोक पोलादाच्या नावावर वाद घालतात, मी आधी पात्याची जाडी विचारतो. पण जाडीच्याही आधी एक काम आहे.

एक आठवडा यादी करा

आठ दिवस फोनमध्ये नोंद ठेवा: कात्री, सुरी, दात किंवा किल्ली वापरून आपण काय काय कापलं, फाडलं, उचकटलं. माझ्या यादीत निघालं ते असं: कुरिअरची पाच खोकी, दोन पेरू, दुधाच्या पिशवीचा कोपरा, गोळ्यांची पट्टी, नव्या शर्टाचा टॅग, सुतळीची गाठ, एक केबल टाय आणि आंब्याच्या पेटीची प्लास्टिकची पट्टी. यातल्या कशालाही सात सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही.

यादीतच उत्तर असतं. नुसती पाकिटं आणि टॅग असतील तर किल्लीच्या जुडग्यात मावणारा, छोट्या कात्रीचा, मिटल्यावर ५८ मिलिमीटरचा चाकू भरपूर झाला. खरं तर अशा माणसाला चाकूपेक्षा कात्रीच जास्त लागते. फळं, डबा, ट्रेक असेल तर सहा ते आठ सेंटिमीटरचं पातळ पातं हवं. शेतात ठिबकची नळी, खताच्या गोण्या, नायलॉनची दोरी कापायची असेल तर पातं उघडल्यावर अडकून राहणारा, म्हणजे लॉकचा चाकू घ्या आणि मूठ जरा भरीव बघा.

कलमं बांधणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. कलमाचा चाकूही घडीचाच असतो, पण त्याची धार सरळ आणि बहुधा एकाच बाजूनं घासलेली असते, म्हणजे काडीवरचा काप सपाट येतो. त्या चाकूनं खोकी उघडली की चिकटपट्टीचा डिंक पात्याला लागतो, धारेला बारीक दाते पडतात आणि पुढचं कलम फसतं. तो वेगळा ठेवा आणि घरात कुणाच्या हाती लागू देऊ नका.

कायद्याचं काय

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. केंद्राचा शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधनं त्यातून वगळली आहेत. हे वाचून लोक म्हणतात, माझा तर तीन इंचांचा, मला काय भीती?

महाराष्ट्रात इथेच चुकतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, मिरवणुका, निवडणुका, मोर्चे अशा वेळी जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. सोबत बाळगायला मनाई करता येते अशा वस्तूंमध्ये काठ्या, तलवारी, भाले यांच्याबरोबर चाकूचंही नाव कलमातच आहे, आणि तिथे इंचांची सूट लिहिलेली नाही. त्यामुळे गणपतीच्या मिरवणुकीला, सभेला, कोर्टात, सरकारी कार्यालयात जाताना चाकू घरी ठेवायचा. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा. मेट्रोच्या दारात माझा एक चाकू गेला तो असाच. तपासणीवरच्या शिपायानं सौजन्यानं विचारलं, "परत घरी ठेवून येता का इथे सोडता?" मुलाखतीला उशीर होत होता. सोडला.

आणखी एक पथ्य: बटण दाबलं की पातं उसळून बाहेर येणारा चाकू घेऊ नका. असल्या चाकूला लोक सरसकट रामपुरी म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ती जुनी कारागिरी, पण हिंदी सिनेमानं तिला गुंडाच्या हातात असं काही दिलंय की पेरू कापायला काढलात तरी समोरचा दोन पावलं मागे सरकतो. दात्यांचं काळं पातं, कवटीची चित्रं, खिशाबाहेर दिसणारी क्लिप, हे सगळं त्याच जातीचं. चाकू काढल्यावर बघणाऱ्याला फळ आठवलं पाहिजे.

परदेशी असलेल्यांना आपल्याकडून भेट पाठवायची असेल तर तिथला नियम आधी बघा. ब्रिटनमध्ये कारण न सांगता खिशात बाळगायला फक्त तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो. लॉकचा असेल तर तो लहान असूनही त्या सवलतीत बसत नाही.

पातं

लांबी साडेपाच ते आठ सेंटिमीटर. जाडी पाठीकडे दोन मिलिमीटरच्या आसपास, अडीचच्या वर नको. दुकानात मोजपट्टी नसेल तर दोन रुपयांचं नाणं पाठीला लावून बघा. पातं नाण्याहून ठळकपणे जाड दिसलं तर खाली ठेवा. नुसती पाठ बघूनही भागत नाही. टोकाकडून डोळ्यासमोर धरा आणि पाठीपासून धारेपर्यंत ते कसं उतरत जातं ते पाहा. चांगलं पातं विळीच्या पात्यासारखं सलग निमुळतं होत जातं. वाईट पातं बराच वेळ जाडच राहतं आणि शेवटच्या दोन मिलिमीटरांत एकदम धारेला येतं.

आकार साधा घ्या: पाठ किंचित खाली उतरलेली, धारेला पोट असलेला. पाठ वाकून धारेला मिळालेला, टोक नसलेला आकार खोकी कापायला फार चांगला, कारण आतली वस्तू भोसकली जात नाही. करवतीसारखे दाते असलेली धार नायलॉनच्या दोरीवर छान चालते, पण बोथट झाली की घरच्या दगडावर तिला धार लावता येत नाही. म्हणून अर्धी साधी, अर्धी दात्यांची अशी पाती मी घेत नाही, दोन्हींतली अर्धीच उपयोगाची राहते.

पोलाद

दोन घराणी. साधं कार्बन स्टील आणि स्टेनलेस.

कार्बन स्टीलला धार पटकन लागते आणि फार गोड लागते. पण ते हवामानाशी बोलतं. कैरी, लिंबू, कांदा कापला की पात्यावर निळसर-करडे ढग उमटतात. ते डाग वाईट नाहीत, उलट पुढच्या गंजाला थोडे अडवतात. तांबूस, खरखरीत गंज दिसला तर मात्र तेल आणि बारीक पॉलिश पेपर. सफरचंदाच्या फोडीला या पात्याची लोखंडी चव लागते आणि फोडी लवकर काळ्या पडतात. नाशिक, नगर, सोलापूरच्या कोरड्या हवेत कार्बन स्टील मजेत राहतं. चिपळूण, रत्नागिरी, मुंबई, पणजीला जुलैत ते रोज पुसावं लागतं. रोज म्हणजे खरोखर रोज. ज्यांना गाडीच्या टायरमधली हवा बघायचा कंटाळा येतो त्यांनी स्टेनलेस घ्यावं.

स्टेनलेसमध्ये नावांचं जंगल आहे. त्यातली चारच सांगतो. १२सी२७ आणि १४सी२८एन ही स्वीडनची पोलादं: बारीक कणांची, गंजाला चिवट, घरच्या दगडाला दाद देणारी. ८सीआर१३एमओव्ही हे स्वस्त चिनी चाकूंत दिसतं आणि नीट तापवून पाणी दिलेलं असेल तर किमतीच्या मानानं चांगलं असतं. डी२ ची जाहिरात फार होते. त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, गंज रोखायला मोकळं राहतं ते कमी. म्हणून डी२ ची धार खूप टिकते, पण किनाऱ्यावर ते ठिपके धरतं, आणि बोथट झालं की साध्या दगडावर तासभर घाम काढतं. नुसतं 'स्टेनलेस स्टील' एवढंच लिहिलं असेल आणि पोलादाचं नाव नसेल तर विचारा. दुकानदार "जपानी आहे" म्हणाला तर हसून पुढे जा.

पोलादाचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात. ५५-५६ म्हणजे मऊसर, लवकर बोथट, पण पाच मिनिटांत पुन्हा तयार. ६० च्या वर म्हणजे उलट. रोजच्या वापराला मला मऊसर बाजूच बरी वाटते.

लॉक हवं का?

जुन्या धाटणीच्या चाकूत लॉक नसतं. पाठीतली स्प्रिंग पात्याला उघडं धरून ठेवते, उलट्या बाजूनं जोर दिला की ते मिटतं. फळ, खोकं, सुतळी यांना एवढं पुरतं, कारण तिथे जोर धारेच्या दिशेनं पडतो. धोका असतो तो टोक खुपसताना. मी एकदा केबल टायच्या फटीत टोक घालून वर उचकटायला गेलो. पातं निसटलं, मिटलं आणि तर्जनीवर बसलं. खूण अजून आहे. चूक चाकूची नव्हती. त्या चाकूनं ते काम करायचंच नव्हतं.

लॉकचे प्रकार थोडक्यात. बॅक लॉकमध्ये पाठीवरचा दांडा दाबून पातं सोडवतात, बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. नवख्यांना हाच देतो. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. एका हातानं मिटतं, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत असतो, आणि खिशातला कचरा तिथे साचला की पट्टी पूर्ण बसत नाही. डावखुऱ्यांनी ती पट्टी आपल्या हाताला सोयीची आहे का ते आधी बघावं, बहुतेक चाकू उजव्या हातासाठीच बनतात. फिरत्या कडीचं लॉक सगळ्यांत सोपं: पातं उघडा, मुठीच्या गळ्यातली कडी फिरवा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

दोन नावं

स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कार्ल एल्सेनरनं १८८४ मध्ये चाकू बनवायचं दुकान थाटलं, १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला, आणि १८९७ मध्ये त्याच्या 'ऑफिसर चाकू'ची नोंदणी झाली. आज दिसणारी लाल मूठ त्याच वंशातली. व्हिक्टोरिनॉक्स हे नाव त्याच्या आईच्या व्हिक्टोरिया या नावातून आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणाऱ्या पोलादातून जुळवलेलं. मिटल्यावर ९१ मिलिमीटरचा, स्पार्टन नावाचा चाकू घ्या: साधारण साठ ग्रॅम, दोन पाती, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, छिद्र पाडायचा टोच्या. कात्री हवी असेल तर थोडा जाडा प्रकार. नकली माल खूप आहे. मोठ्या पात्याच्या बुडावर, बिजागरीजवळ, कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं असतं. अक्षरं फिसकटलेली, दोन पात्यांमध्ये फट, कात्री मिटताना करकर, यातलं काहीही दिसलं तर पैसे देऊ नका.

दुसरा फ्रान्सचा. सावोआच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० च्या सुमारास बनवलेला शेतकऱ्याचा चाकू: बीच लाकडाची मूठ, पातळ पातं, आणि १९५५ पासून ती फिरती कडी. आकडा चढेल तसा चाकू मोठा. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, म्हणून खिशाला ६ किंवा ७ नंबर बरा. फळ कापायला याच्यासारखा चाकू मी पाहिलेला नाही. पण आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत असं रुततं की नखानं निघत नाही. सावोआतली युक्ती अशी: कडी सैल करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं डोकं वर काढतं. मी मूठ आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवली होती. बायको अजून विचारते, तांदळाला वास कसला येतो.

हातात घेऊन पाहा

जमलं तर दुकानात जा. उघडा-मिटा दहा वेळा. उघडलेलं पातं टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवा. हललं तर नको. मिटलेला चाकू वरून पाहा, पातं मधोमध बसतंय की एका भिंतीला घासतंय? धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे रुंद आहेत का? लॉकचा असेल तर पात्याची पाठ लाकडावर हलकेच, अगदी हलकेच ठोका, बोटं वाटेतून बाजूला ठेवून. निसटला तर तो परत. मूठ मुठीत गच्च धरा आणि हवेत पेन्सिल तासल्यासारखं करा. कोपरे टोचत असतील तर दहा मिनिटांनी फोड येणार. वजन शंभर ग्रॅमच्या खाली असू द्या. त्यापेक्षा जड चाकू महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जातो, आणि ड्रॉवरमधला चाकू खिशात नसतो.

पितळी मूठ देखणी, पण मे महिन्यात घामानं तिचा हाताला वास लागतो. प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियम रोजच्याला सोपं.

धार

इथे खरा खर्च करा. चाकूच्या बजेटमधून दगडाचे पैसे आधीच बाजूला काढा. एका बाजूला हजार ग्रिट (आकडा मोठा तसा दगड बारीक), दुसऱ्या बाजूला तीन हजारच्या आसपास असा एक पाण्याचा दगड वर्षानुवर्षं पुरतो.

पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पातं दगडावर आडवं टेकवून पाठ थोडी उचला. कोन १५ ते २० अंश. मोजायचं कसं? पात्याची रुंदी दोन सेंटिमीटर असेल तर पाठ दगडापासून साधारण पाच ते सात मिलिमीटर वर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन-चार नाण्यांएवढी. तो कोन हाताला लक्षात ठेवा आणि एकाच बाजूनं, बुडापासून टोकापर्यंत, घासत राहा. जोर फक्त पात्याच्या वजनाएवढा. काही वेळानं दुसऱ्या बाजूनं अंगठ्याचं पोट धारेवरून आडवं (लांबीनं कधीच नाही!) बाहेरच्या दिशेनं ओढा. बारीक कुरकुर लागली म्हणजे लव आली, पोलादाची सूक्ष्म कड पलीकडे वळली. ती पूर्ण लांबीवर लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. सगळे इथेच घाई करतात. लव आली की पलटी, पुन्हा तेच, मग बारीक दगडावर एक-एक हात आलटून पालटून, शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीच्या दिशेनं वीस वेळा ओढा. पिकलेल्या टोमॅटोवर पातं न दाबता ठेवा. सालीत आपोआप उतरलं तर झालं.

दगड नसेल त्या दिवशी चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाची खरखरीत, बिनचकचकीत कडा तात्पुरती धार आणते.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कोयता द्यावा, खुशाल द्यावा. खिशातला चाकू नको. कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं. कडेला निळा रंग चढला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला आणि आता कितीही घासलं तरी धार दोन दिवस टिकणार नाही.

बिजागरीत शिवणयंत्राचं तेल एक थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि खिशातला कचरा धरून काळा राप बनवतं. पात्याला मात्र खोबरेलाचा हात चालतो, फळंच कापायची आहेत. महिन्यातून एकदा टूथपिकनं मुठीच्या खोबणीतला कापूस काढा. आमच्या घरी मोठी साफसफाई खंडेनवमीला होते. विळी, अडकित्ता, पाना, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडतात, तिथे लाल मुठीचा चाकूही असतो. कात्री नुसती वाजवली की भांडणं होतात म्हणून आई पाटाजवळ मुलांना येऊ देत नाही. फुलं वाहून झाली की दुपारी मी तोच चाकू उचलून गोंड्याच्या माळेचा उरलेला दोरा कापतो.